दुधाचे दात आणि गोड घोट



“दुधाचेच दात ते. आज ना उद्या पडायचेच. त्यांचं एवढं काय घेऊन बसलात?” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. तीन-चार वर्षांचं मूल हसतं, तेव्हा त्याचे वरचे पुढचे चार दात काळे पडलेले, झिजून हिरडीशी नुसते खुंट उरलेले दिसतात. घरातलं कोणी तरी वडीलधारं माणूस हे वाक्य बोलतं आणि विषय तिथंच मिटतो. मूल मात्र घास एकाच बाजूला चावतं, भाकरीचा पापुद्रा बाजूला काढून मऊ तेवढं खातं, रात्री गाल धरून उठतं.

हा मिटलेला विषय आज मला पुन्हा उघडायचा आहे. मी दंतवैद्य नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, आणि आमच्या शास्त्रानं एक सवय लावली आहे ती मोजण्याची. दातांच्या डॉक्टरांशी बोलताना, या विषयावरचं वाचताना माझ्या ध्यानात आलं की, हाही प्रश्न पुष्कळसा मोजणीचाच आहे. आपण मोजतो ते भलतंच. पोरानं साखर किती खाल्ली, असं आपण विचारतो. दाताला बोलता आलं असतं तर त्यानं विचारलं असतं, किती वेळा खाल्ली?

या प्रश्नाकडे वळण्याआधी दातांची थोडी ओळख करून घेऊ. मूल सहा महिन्यांच्या सुमारास पहिला दात दाखवतं. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात हलू लागतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे दुधाची एक दाढ आठ-नऊ वर्षं राबते. आठ-नऊ वर्षं राबणाऱ्या बैलाला ‘हा जायचाच आहे’ म्हणून कोणी उपाशी ठेवतं का?

शिवाय दुधाचा दात खालच्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवतो. तो कुजून वेळेआधी गेला की शेजारचे दात त्या जागेत सरकतात. बांध मोडला की शेजारचं शेत कसं हळूहळू आत येतं, तसंच. मग खालून येणारा दात जागा मिळेल तिथून, वाकडा, दुसऱ्याच्या अंगावर चढून येतो. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही त्याची झळ पोचू शकते. आणि दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं, त्यामुळं एकदा कुजायला लागला की तो भराभर पोखरला जातो. आज ठिपका दिसला आणि पुढच्या हंगामापर्यंत बघू म्हटलं, तर तोवर मुळापर्यंत गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडात सगळ्यांत मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार नव्या दाढा येतात. त्या येताना कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, कोणाचं लक्षही जात नाही. त्यामुळं आईबापांना वाटतं, याही दुधाच्याच. त्या दुधाच्या नव्हेत. त्या कायमच्या आहेत, साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायच्या त्या दाढा. यांच्यावर खोल खाचा असतात, खाचांत चिकट अन्न बसतं, आणि पुष्कळ मुलांची कायमची पहिली दाढ नवव्या-दहाव्या वर्षीच पोखरलेली सापडते. दुधाचे दात समजून ज्या सोडून दिल्या, त्या या.

आता ‘कीड’ या शब्दाविषयी. आपण दाताला कीड लागली म्हणतो. सुश्रुतसंहितेतही ‘कृमिदंतक’ असं रोगाचं नाव आहे, आणि दातात वळवळणारा किडा असतो ही समजूत जगात बहुतेक ठिकाणी होती. बाजाराच्या दिवशी दातातले किडे काढून दाखवणारी माणसं आजही कुठं कुठं भेटतात. कापसाच्या बोळ्यावर पांढरी अळी दाखवतात. ती अळी त्यांनी स्वतःच आणलेली असते. दातात अळी नसते. पण शब्द अगदीच खोटा आहे असंही नाही. दातावर जो पिवळसर, बुळबुळीत थर साचतो, सकाळी जिभेला लागतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू असतात. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं १८९० साली ग्रंथ लिहून दाखवून दिलं की, हे जंतू आपल्या खाण्यातल्या गोडावर आणि पिठावर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. दाताचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण आम्लापुढं तो विरघळतो. फरशीवर लिंबू सांडलं तर डाग पडतो, तसंच हे.

गंमत पुढंच आहे. हे आम्ल किती वेळ राहतं? अमेरिकेत स्टीफन नावाच्या संशोधकानं १९४० च्या दशकात दातावरच्या थरातलं आम्ल मोजलं. गोड पाण्यानं चूळ भरल्यावर काही मिनिटांतच आम्ल वाढतं, दाताच्या कवचातला चुना निघू लागतो, आणि पूर्वस्थितीला यायला अर्धा ते एक तास लागतो. या काळात लाळ आपलं काम करत असते. ती आम्ल धुऊन टाकते आणि गेलेला चुना थोडाथोडा परत आणून बसवते. म्हणजे दातावर दिवसभर खोदणं आणि भरणं असं दोन्ही चाललेलं असतं. भरायला वेळ मिळाला तर दात टिकतो. भरण्याआधीच पुन्हा गोड घोट आला, की पुन्हा खोदणं सुरू. घड्याळ पुन्हा शून्यावर.

आता एखाद्या खेड्यातल्या सात वर्षांच्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढं आणा. सकाळी उठल्याबरोबर गोड चहा, त्यात बुडवलेली चार बिस्किटं. थोड्या वेळानं वडील चहा घेतात, त्यांच्या बशीतला घोट. शाळेला जाताना दुकानातून गोळी, ती गालात धरून शाळा गाठायची. मधल्या सुट्टीत दहा रुपयांची रंगीत पेयाची बाटली. ती एकदम संपवायची नाही, दप्तरात ठेवायची आणि मित्रांना दाखवत एकेक घोट घ्यायचा, की दुपारभर पुरते. घरी आल्यावर पुन्हा चहा-टोस्ट. दिवेलागणीला पाहुणे, त्यांनी आणलेला बिस्किटाचा पुडा. निजताना साखर घातलेलं दूध. मोजा बरं. सात वेळा तर झालंच, आणि त्या बाटलीचे घोट वेगवेगळे धरले तर हिशेब कुठल्या कुठं जातो. लाळेला भरणी करायला या मुलाच्या दिवसात सवडच उरलेली नाही.

याउलट पाडव्याला जेवताना वाटीभर श्रीखंड खाणारं मूल घ्या. साखर कदाचित पहिल्या मुलाच्या निम्म्या दिवसाइतकी एका बैठकीत पोटात गेली. दाताच्या हिशेबानं तो एकच प्रसंग. जेवण झालं, चूळ भरली, संपलं.

यावर कोणी म्हणेल, हे झालं कागदावरचं, प्रत्यक्षाचं काय? याचं प्रत्यक्ष उत्तर मिळालं ते एका अत्यंत लाजिरवाण्या प्रयोगातून. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाचं मतिमंद रुग्णांचं इस्पितळ होतं. १९४० च्या दशकात तिथल्या रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीनं गोड खायला देऊन त्यांचे दात किडू दिले आणि मोजले. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा माणसांवर हे केलं गेलं, आणि या कृत्याचा निषेधच केला पाहिजे. स्वीडनमध्ये पुढं तो झालाही. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना जेवणाबरोबर भरपूर साखरेचं पाणी दिलं, त्यांचे दात त्या मानानं थोडेच किडले. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये दिवसभर चिकट टॉफ्या दिल्या, त्यांचे दात झपाट्यानं गेले. स्वीडिश लोकांनी यातून धडा घेतला, आणि मुलांना खाऊ आठवड्यातून एकदा, शनिवारी, द्यायचा अशी चाल तिथं पडली. आजही स्वीडनमधल्या घरोघरी ‘शनिवारचा खाऊ’ हा शब्द आहे. बिचाऱ्या त्या रुग्णांनी आपल्या दातांनी मोजलेली किंमत आहे ही. ती आपण फुकट घालवू नये.

दुसरं उदाहरण एका बेटाचं आहे, आणि ते आपल्या खेड्यांना अधिक जवळचं. दक्षिण अटलांटिक महासागरात त्रिस्तान दा कुन्हा नावाचं एक लहानसं ब्रिटिश बेट आहे. वस्ती दोन-तीनशे माणसांची. १९३० च्या दशकात तिथं गेलेल्या डॉक्टरांना लोकांचे दात पाहून नवल वाटलं. मासे, बटाटे, अंडी, दूध हा त्यांचा आहार. टूथब्रश जवळजवळ ठाऊक नव्हता, आणि दात मात्र उत्तम. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं शेवंड्यांवर प्रक्रिया करून डबाबंद करणारा कारखाना निघाला. हातात रोख पैसा आला. दुकान आलं. दुकानात साखर, बिस्किटं, गोळ्या आल्या. १९६१ साली बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्या लोकांना इंग्लंडला हलवावं लागलं. तिथं पुन्हा दात तपासले, तेव्हा तरुण मुलांच्या कायमच्या पहिल्या दाढा मोठ्या संख्येनं किडलेल्या आढळल्या. माणसं तीच, रक्त तेच. एका पिढीत फरक पडला.

आपल्या वाड्या-वस्त्यांवरही रस्ता आला, दुकान आलं, फ्रीज आला. आले ते बरंच झालं. मी काही जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. जुन्या काळात मुलं दातांनी नव्हे, देवीनं आणि पटकीनं मरत होती. पण रस्त्यानं औषध आलं तशी ती बाटलीही आली, आणि औषधाविषयी आपण चार प्रश्न विचारतो, बाटलीविषयी एकही विचारत नाही.

आपण तर साखरेच्या मुलखातली माणसं. प्रवरेकाठी १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग किती तरी झाले. त्या पैशातून घरं झाली, शाळा झाल्या, महाविद्यालयं झाली. उसाला नावं ठेवायला मी इथं आलेलो नाही. पण उसाचं बिल बापाच्या खात्यात जमा व्हावं आणि साखर पोराच्या दाढेत, असा काही करार नाही ना?

मागे आमच्या विद्यार्थ्यांचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर एका गावी होतं. तिथं एक आजी नातवाला बशीतून चहा पाजत होत्या. आमच्या एका मुलीनं शहाणपणानं काही सांगायला सुरुवात केली, तशा आजी मला म्हणाल्या, “सर, आई त्याची खुरपायला गेलीया. पोरगं रडतंय. घोटभर च्या दिला तर काय आभाळ कोसळलं व्हय? आन् ह्यो गुळाचा हाय, साखरेचा न्हाई.”

या आजींना मूर्ख ठरवणं सोपं आहे, आणि चूक आहे. रडणाऱ्या नातवाला गप्प करायला त्यांच्या हाताशी दुसरं काय होतं? चहा स्वस्त, गरम, आणि घरात सदैव. प्रेम दाखवायची आपली भाषाच गोड आहे. ‘तोंड गोड करा’ म्हणतो आपण. म्हणून मी त्यांना नको म्हटलं नाही. मी एवढंच विचारलं, “आजी, दिवसातनं किती खेपा?” त्यांनी बोटं मोजली आणि स्वतःच म्हणाल्या, “लईच झाल्या की ओ.” गुळाचं मात्र सांगावं लागलं. गुळात थोडं लोह वगैरे असेल, पण जंतूंना गूळ काय, मध काय, काकवी काय, सगळं सारखंच. उसाचा रसही तसाच.

आता बाटलीचा हिशेब. बाजारातल्या बहुतेक थंड पेयांत शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते; आंब्याच्या नावानं मिळणाऱ्या पेयांत पुष्कळदा त्याहूनही जास्त. बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात हा आकडा छापलेला असतो. तो शंभर मिलिलिटरचा असतो, पूर्ण बाटलीचा नव्हे, हे ध्यानात ठेवा. दोनशे मिलिलिटरची लहान बाटली म्हणजे वीस-बावीस ग्रॅम, चहाचे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की, वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे दीड हजार कॅलरी लागतात असं धरलं, तर पाच टक्के म्हणजे एकोणीस ग्रॅम. एका लहान बाटलीत दिवसाची वाटणी संपून थोडी उधारी झाली. चहा-बिस्किटं अजून मोजलीच नाहीत.

या पेयांत साखरेखेरीज आम्लही असतं, कोलात फॉस्फरिक, लिंबाच्या चवीच्यांत सायट्रिक. हे आम्ल जंतूंची वाट पाहत नाही, स्वतःच कवच मऊ करतं. म्हणून ‘बिनसाखरेचं’ लिहिलेलं पेयही दाताला निर्दोष नाही. आणि असं पेय घेतल्यावर लगेच ब्रश घासू नये. मऊ झालेलं कवच घासून निघतं. साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी, ब्रश अर्ध्या-पाऊण तासानं. घरचं लिंबू सरबत, कोकम सरबत यांनाही हेच लागू. उन्हातून आलेल्या पोराला सरबत जरूर द्या; त्यानं ते एका बैठकीत प्यावं, घोट घोट घेत दुपार काढू नये.

नावांना फसू नका. दुधात घालायच्या गोड पावडरी ‘आरोग्यपेय’ म्हणून खपत होत्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना त्या या नावाखाली दाखवू नका असं सांगितलं, कारण अन्नविषयक कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी काही व्याख्याच नाही. तसंच ‘ओआरएस’चं. जुलाब झालेल्या मुलाला द्यायची खरी ओआरएसची पुडी जीव वाचवते, आणि तिच्यात लिटरमागे साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. ती देताना दातांची चिंता करायची नाही. पण त्या नावाची गोड, रंगीत, डबीतली पेयं बाजारात आली होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणं नसलेल्या पेयाच्या नावात हे शब्द वापरता येणार नाहीत, असा आदेश काढला. शंका आली तर आशाताईंना विचारा. खरी पुडी त्यांच्याजवळ असते.

आता सर्वांत घातक घोट. तो रात्रीचा. झोपेत लाळ अगदी कमी होते, म्हणजे भरणी करणारा गडीच सुट्टीवर जातो. अशा वेळी तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली घेऊन मूल झोपलं, किंवा मधात बुडवलेली चोखणी त्याला दिली, की ते गोड वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. सुरुवातीला सांगितलेले ते काळे खुंट पुष्कळदा इथून आलेले असतात. आईच्या दुधाविषयी मात्र गैरसमज नको. दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही ते देणं चांगलंच. फक्त दात आले की रात्री ते पुसून किंवा घासून घ्यावेत. दूध द्यायचं ते निजण्याआधी, पेल्यातून, साखर न घालता, आणि नंतर पाणी. खोकल्याचं गोड औषध निजताना दिलं तर त्यावरही घोटभर पाणी.

मग मुलानं प्यावं तरी काय? माठातलं पाणी, बिनसाखरेचं ताक, साधं दूध. चहाच द्यायचा झाला तर तो जेवणाबरोबर, न्याहारीच्या भाकरीबरोबर, दिवसात एकदा, आणि बिस्किटाशिवाय. साखर एकदम बंद केली की मूल पेला फेकून देतं. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, दीड महिन्यात जीभ वळते. भूक लागली तर शेंगदाणे, काकडी, पेरू. गोड खायचंच, तर जेवणात.

घासण्याविषयी थोडक्यात. दिवसातून दोनदा, त्यात रात्रीचं चुकवायचं नाही. टूथपेस्ट फ्लोराइडची, नळीवर हजार पीपीएम किंवा अधिक लिहिलेली. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी, आणि गिळायची नाही. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मुलाच्या हातात असला तरी शेवटचा हात आईनं किंवा बापानं फिरवावा. बाप म्हटलं मी, ऐकलंत ना? राखुंडी, विटेची पूड यांनी कवच खरडलं जातं. मशेरी तर लहान मुलाच्या तोंडाजवळही नको. ठणका लागला म्हणून दाढेत मशेरीची चिमूट धरायला शिकवतात. ठणका घटकाभर थांबतो आणि तंबाखू जन्माची मागं लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. तिथल्या लोकांनी पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून ठरवावं, आणि मुळात पिण्याचं पाणी तपासून घ्यावं. ते पट्टे म्हणजे कीड नव्हे.

शिक्षकमित्रांनो, तुमच्यासाठी दोन-तीन कामं राखून ठेवली आहेत. २०२० च्या केंद्रीय नियमांप्रमाणं जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. नियम आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला जा असं मी म्हणत नाही; गावात राहायचं असतं. ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेचा फलक लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती चमचे साखर हे दाखवणारा. जिल्हा परिषदेच्या शाळेला त्यासाठी आदेशाची वाट कशाला? मुलांना रिकाम्या बाटल्या आणायला सांगा, पाठीवरचा आकडा वाचू द्या, त्रैराशिक मांडू द्या, आणि तेवढे चमचे साखर, नसेल तर बारीक वाळू, काचेच्या ग्लासात भरून खिडकीत ठेवा. गणिताचा तास होतो आणि मुलं घरी जाऊन आईबापांना शिकवतात. मध्यान्ह भोजनानंतर चूळ भरण्याची रांग लावायला पाणी लागेल तेवढंच. आणि वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्याऐवजी पेरू किंवा बोरं वाटली तर मुलाच्या बापाचाही खर्च वाचेल.

शेवटी पाहण्याची रीत सांगतो. महिन्यातून एकदा, उजेडात, मुलाला मांडीवर आडवं घेऊन वरचा ओठ बोटानं वर करा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का? ही कीड नुकती सुरू झाल्याची खूण आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की, या टप्प्यावर गोड घोट कमी केले आणि फ्लोराइडच्या पेस्टनं घासलं तर ती थांबते, भरूनही येऊ शकते. तपकिरी खड्डा दिसला तर तो घरी भरून येत नाही, डॉक्टरांनीच भरावा लागतो. दुखेपर्यंत थांबू नका. दुखायला लागतं तेव्हा कीड नसेपर्यंत पोचलेली असते आणि खर्च काही पटींनी वाढतो.

पैशाची अडचण असेल तर एक वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, आणि ज्या तक्रारी त्यांनी तपासायच्या त्यांत दातांची कीडही आहे. पथक घाईत असतं, एका दिवसात शंभरावर मुलं पाहतं. म्हणून त्या दिवशी आईनं किंवा बापानं शाळेत हजर राहावं, मुलाला तोंड उघडायला सांगावं आणि सगळ्यांत मागच्या चार दाढा बोटानं दाखवून विचारावं. खड्डा असेल तर ते चिठ्ठी देतात. ती घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाकडे जायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दाढेवरच्या खाचा किडण्याआधीच बंद करून घेता येतात का, हेही तिथं विचारावं. ते काम थोड्या वेळाचं आहे, दुखत नाही आणि सुईही टोचावी लागत नाही.